एंटर मारला तरी ओळ तुटेना

ब्राउझरइतका निगरगट्ट प्राणी मी अख्ख्या नागपुरात पाहिला नाही, आणि सीताबर्डीला ऑटोवाल्यांशी भाड्यावरून हुज्जत घातलेला माणूस हे सांगतोय. वेबपेज लिहायच्या भाषेत, म्हणजे एचटीएमएलमध्ये, एंटर एकदा मारा की दहादा, तो सगळ्यांची मिळून एक स्पेस करतो.

महालातले आमचे काकाजी निवृत्तीनंतर कविता करतात. त्यांची संत्र्यावरची बारा ओळींची कविता वेबपेजवर चढली आणि तिचा परिच्छेद झाला.

“काय करून राहिला बे? कवितेचा निबंध केला ना तू!”

“काकाजी, ओळ तोडायला बीआर टॅग लागतो, ‘इथे ओळ तोड’ अशी खूण.”

“मंग मी एंटर मारले ते काय हवेत गेले?”

गंमत म्हणजे बीआर अशाच लोकांसाठी आहे. ओळ तुटणं हा मजकुराचाच भाग असेल तिथे तो वापरावा, असं एचटीएमएलचे नियम सांगतात, आणि उदाहरणं देतात ती कवितेची नि पत्त्याची. बहुतेक टॅगांना असतो तसा, नावाआधी तिरकी रेघ लावलेला, बंद करणारा जोडीदार त्याला नसतो. 2000 साली एक्सएचटीएमएल हा एचटीएमएलचा कडक शिस्तीचा भाऊ आला तेव्हा बीआरच्या शेपटीला तिरकी रेघ सक्तीची झाली. आता ती असो-नसो, कोणी विचारत नाही.

काकाजींनी ती रेघ कुठल्याशा जुन्या पुस्तकात पाहिली आणि प्रत्येक बीआरनंतर, नावाआधी रेघ लावलेला आणखी एक बीआर ठेवला. उघडलेलं दार लावायचं असतं म्हणे. एंटरला भीक न घालणारा ब्राउझर या चुकीच्या टॅगपुढे मात्र गोगलगाय झाला. असा उलटा बीआर दिसला तर तो सरळच समजावा, असा नियमच आहे! प्रत्येक ओळीखाली एक रिकामी ओळ आली.

“पाह्य, किती मोकळी वाटते!”

चटक लागली. शीर्षक खाली सरकवायला बीआर, फोटोभोवती जागा हवी तर बीआर. ही कामं सीएसएसची, म्हणजे पानाचं दिसणं ठरवणाऱ्या भाषेची; तिथे मार्जिन लिहून मोकळी जागा सोडतात, पण ऐकतो कोण? कॉम्प्युटरवर जिथे लांब ओळ संपायची तिथेही त्यांनी बीआर ठोकला. मोबाइलवर तीच ओळ आधी आपोआप वळायची, मग पुन्हा तुटायची. नागपुरातल्या मारबतीच्या मिरवणुकीतली आरोळीच ठोकावीशी वाटली: ईडा, पीडा, जादाचे बीआर घेऊन जा गे मारबत!

शेवटी मी सीएसएसमध्ये ‘व्हाइट-स्पेस: प्री-लाइन’ लिहिलं. आता ब्राउझर एंटरलाही मान देतो, म्हणून सारे बीआर काढून टाकले. सकाळी पाहतो तर काकाजींनी ते जोडीजोडीने परत घातलेले. एक सरळ, एक उलटा, वर एंटर. शेवटची ओळ येईस्तोवर अंगठा दुखायला लागला.

“काकाजी, हे काहून केलं?”

“दीर्घकाव्य झालं ना बापा!”