सॅनिटायझर आहे म्हणून साबणाला सुट्टी नाही

"दर अर्ध्या तासाला सॅनिटायझर चोळा, हात धुवायची गरज नाही" असा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. त्यातला दुसरा भाग साफ चूक आहे, आणि पहिला पाळला तर कातडीचे हाल होतात.

अल्कोहोल जंतू मारतं, मळ उचलत नाही. हाताला मिसळीच्या कटाचं तेल किंवा गुऱ्हाळावरचा काकवीचा चिकटा असेल तर अल्कोहोल खालपर्यंत पोचतच नाही. चोळून नुसता राडा होतो. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसवरही त्याचा फारसा उपयोग नाही. त्यामुळे संडासहून आल्यावर आणि जेवणाआधी साबण-पाणीच, किमान 20 सेकंद. शेतात औषध फवारून आल्यावरही तेच.

आता कातडी. तिच्यावरचा नैसर्गिक तेलकट थर अल्कोहोल विरघळवतं. आधी बोटांच्या पेरांवर पांढरी खपली धरते, मग चिरा पडतात, मग मीठ-तिखट लागलं की जीव कळवळतो. भेगाळलेल्या हातावर जंतूंना थाराही जास्त मिळतो, म्हणजे केलं-सवरलं पाण्यात. ग्लिसरीन असलेलं सॅनिटायझर घ्या, रात्री हाताला व्हॅसलीन लावा. साबणानं हात धुतल्यावर लगेच वर सॅनिटायझर नको; फायदा काही नाही, कोरडेपणा मात्र वाढतो.

पाणी नसेल तिथं ते कामाचंच आहे. बाटलीवर अल्कोहोल किमान 60 टक्के लिहिलेलं बघा, साधारण 3 मिली घ्या, वाळेपर्यंत चोळा, पुसू नका. न वाळलेल्या हातानं गॅस किंवा चुलवाणाजवळ जाऊ नका, वाफ पेट घेते. बाटली पोरांच्या हाताला लागू देऊ नका. पोटात गेलं तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.