घसरण्याआधीचे तीन तास

स्कीइंग हा घसरण्याचा खेळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो फक्त टीव्हीवर पाहिलेला असतो. मला विचाराल तर हा मुख्यतः बूट घालण्याचा, ओझं वाहण्याचा आणि रांगेत उभं राहण्याचा खेळ आहे. त्यातून वेळ उरलाच, तर थोडं घसरायचं. झुरिकला किंवा म्युनिकला प्रोजेक्टवर आलेल्या मराठी माणसाला ऑफिसातले लोक जानेवारीत विचारतात, "येतोस का शनिवारी डोंगरावर?" तेव्हा ते फक्त घसरण्याबद्दल बोलत असतात. बाकीचं लपवतात असं नाही. त्यांना ते कष्ट वाटतच नाहीत, कारण तिसऱ्या वर्षापासून त्यांचे पाय त्या बुटातच वाढलेले असतात.

झरमॅटचंच घ्या. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं हे स्विस गाव 1,620 मीटरवर आहे. म्हणजे आपली कळसूबाई 1,646 मीटरवर जिथे संपते, जवळजवळ तिथे यांचं रेल्वे स्टेशन. डोंगर त्यानंतर सुरू होतो. झुरिकहून फिस्पपर्यंत मोठी गाडी आणि पुढे तासाभराची छोटी गाडी, असा सव्वातीन-साडेतीन तासांचा प्रवास. मोटारीने आलात तर ती पाच किलोमीटर अलीकडे टेशला ठेवायची आणि बारा मिनिटांच्या शटल गाडीने वर जायचं, कारण गावात पेट्रोल-डिझेलला बंदी. तिथे धावतात त्या खोक्याएवढ्या विजेच्या टॅक्स्या, आणि त्या मागून अजिबात आवाज न करता येतात. खांद्यावर स्कीज असताना "कोण आलं?" म्हणून वळू नका. तुम्ही वळता तेव्हा दीड मीटरच्या दोन पट्ट्याही वळतात, आणि मागच्या गृहस्थाचं नाक नेमकं त्याच उंचीवर असतं.

पहिलं ठाणं भाड्याच्या दुकानाचं. तिथला मुलगा उंची, वजन, वय आणि "येतं किती?" एवढंच विचारतो. यातल्या दोन प्रश्नांना माणसं हमखास खोटं बोलतात: वजन पाच-सात किलो कमी सांगतात आणि कौशल्य एक पायरी वर. लग्नाच्या बाजारात हे खपून जातं, इथे नाही. या उत्तरांवरून, बुटाच्या तळाची लांबी धरून, तो बाइंडिंगचा आकडा लावतो. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पडताना पाय पिळला गेला की त्याचा पुढचा भाग बाजूला आणि मागचा भाग वर उघडायला हवा, स्की सुटायला हवी. वजन कमी सांगितलंत तर खटका हलका लागतो आणि जरा धक्का बसताच स्की तुम्हाला सोडून एकटीच गावाला निघते. (पूर्वी ती खरंच जायची. हल्ली बूट सुटला की दोन्ही बाजूंनी ब्रेकचे पाय खाली येतात.) कौशल्य वाढवून सांगितलंत तर उलटं होतं. नवशिका पडतो तो सावकाश, गोल पिळवटून, आणि तेवढ्या जोराने घट्ट लावलेला खटका उघडत नाही. मग जे उघडायचं ते गुडघ्यात उघडतं. तेव्हा काउंटरवर देवाला स्मरून खरं वजन सांगावं, कपड्यांसकट.

आता बूट. खरं तर लेखाचं नावही 'बूट' एवढंच चाललं असतं.

बुटाचं माप सेंटिमीटरमध्ये असतं, 26.5 म्हणजे पाऊल साडेसव्वीस सेंटिमीटर. घालून ताठ उभं राहिलात की अंगठा पुढे टेकतो. "लहान होतोय," असं म्हणून आपण मोठा मागतो आणि पहिली चूक तिथेच होते. गुडघे पुढे वाकवा: टाच मागे सरकते आणि अंगठा सुटतो. सुटला तर तोच तुमचा बूट. मोठा घेतलात तर पाऊल आत होडीसारखं डुलतं, ते थांबवायला बकलं करकचून आवळावी लागतात, आणि अर्ध्या तासात पायाला मुंग्या.

थंडीला घाबरून आपण दोन लोकरी मोजे चढवतो आणि वर थर्मल पँट मोज्यात खोचतो. दोन्ही चूक. मोजा एकच हवा, पातळ आणि गुडघ्यापर्यंतचा. थर्मलची कड बुटाच्या बाहेर. आत एक जरी घडी राहिली तरी दुपारपर्यंत ती नडगीवर कोरली जाते. शिवाय दोन मोज्यांनी पाय दाबला गेला की रक्त पोचत नाही, म्हणजे जास्त कपड्याने पाय जास्त गार. आईला हे फोनवर समजावायला जाऊ नका.

घालायची रीतही ठरलेली आहे. जीभ बाहेर ओढायची (बुटाची, तुमची आपोआप येते), पाय आत ढकलायचा, टाच दोनदा जमिनीवर आपटून मागे बसवायची, मग घोट्याजवळची बकलं आधी आणि चवड्यावरची शेवटी, तीही नावापुरती. रात्री बूट गार बाल्कनीत राहिले असतील तर प्लॅस्टिक असं कडक होतं की दोन माणसांनी दोन बाजूंनी ओढलं तरी फाकत नाही. म्हणून हॉटेलच्या तळघरात तापत्या खुंट्यांची खोली असते. सकाळी साडेसातला तिथे सगळ्या देशांचे लोक आपापल्या भाषेत कण्हत असतात. ते समजायला दुभाषा लागत नाही.

हे बूट चालण्यासाठी बनवलेलेच नाहीत. घोटा वळत नाही, म्हणून टाच आधी टेकून रोबोटसारखं जायचं. चालताना वरची बकलं सैल ठेवायची. हा शहाणपणा बहुतेकांना तिसऱ्या दिवशी सुचतो, आणि सुट्टी दोन दिवसांचीच असते.

लिफ्टचा पास जॅकेटच्या डाव्या खिशात ठेवायचा, कारण फाटकावरचं पास वाचणारं यंत्र डावीकडे असतं. तिथे मोबाइल नको आणि गेल्या वर्षीचा पासही नको. नाहीतर दांडा उघडत नाही, आणि मागची रांग बघत असताना तुम्ही डावी बरगडी यंत्राला घासत राहता. दिवसाला शंभर फ्रँकच्या आसपास मोजल्यावर हे दृश्य बोचतं.

नवशिक्यांची जागा सुनेगाला, 2,288 मीटरवर. तिकडे डोंगराच्या पोटातून जाणारी फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी गाडी, काही मिनिटांत नेते. मात्र तिच्यापर्यंत लांब बोगद्यातून पायी जावं लागतं, त्याच बुटांत. वर सपाटसा उतार आणि विमानतळावर असतो तसा सरकता पट्टा. पहिला धडा नांगराचा: स्कीजची टोकं जवळ, मागची बाजू फाकवलेली. पोरांना मास्तर याला 'पिझ्झा' म्हणतात. चार वर्षांची हेल्मेटवाली टिकली "पिझ्झा!" ओरडत तुमच्या बाजूने निघून जाते, आणि तुम्ही पूर्ण आकाराचा पिझ्झा करूनही घसरतच राहता. याचं कारण भीती. भ्यायलेला माणूस मागे रेलतो, वजन टाचांवर जातं, पुढची टोकं हलकी होतात आणि स्की वळायचं नाव घेत नाही. उताराकडे, म्हणजे नेमकं भीती वाटते तिकडेच झुकायचं, ही या खेळाची अट आहे. शरीराला ती मान्य व्हायला दोन दिवस तरी लागतात.

पडल्यावर उठायचीही युक्ती आहे. दोन्ही स्कीज अंगाच्या खालच्या बाजूला, उताराला आडव्या. उभ्या ठेवल्यात तर उठताक्षणी पुढचा प्रवास सुरू. सुटलेली स्की पुन्हा लावताना खालच्या बाजूची आधी. आणि खटका बसत नसेल तर जोर लावू नका, बुटाखाली बर्फाची वडी चिकटलेली असते. ती काठीने खरवडा. मी मोजदाद केलेली नाही, पण उतारावरच्या शिव्यांपैकी निम्म्या या वडीला असाव्यात.

चेअरलिफ्टवर, म्हणजे वर नेणाऱ्या टांगत्या खुर्चीवर, बसणं सोपं, उतरणं अवघड. पाठीवरची सॅक पुढे घ्यायची, काठ्या एका हातात, दांडी वेळेवर वर करायची, स्कीची टोकं उचललेली, आणि उतरल्यावर तिथेच थांबून फोटो काढायचा नाही, कारण मागची खुर्ची थांबत नाही. टी-बार हा प्रकार त्याहून थोर. उलट्या टी अक्षरासारखी दांडी दोघांच्या मागे येते आणि वर ओढत नेते. ती टेकायला आहे, बसायला नाही. बसलात की दोघंही जमिनीवर. जोडीदार एक फूट उंच असेल तर दांडी त्याच्या मांडीला आणि तुमच्या कमरेला. नवराबायकोंनी यावर एकत्र चढू नये, असं माझं मत आहे.

आता अशा विषयावर येतो ज्यावर कोणी बोलत नाही. डोंगरावरच्या उपाहारगृहात स्वच्छतागृह बहुधा तळघरात असतं. ओल्या, फरशीच्या, वीस पायऱ्या. प्लॅस्टिकच्या बुटांत उतरताना कठडा धरून आडवं उतरावं, खेकड्यासारखं. आत गेल्यावर हेल्मेट, हातमोजे, जॅकेट आणि खांद्यावरचे पट्टे काढायचे, आणि हे सगळं टांगायला खुंटी एकच. पूर्ण कार्यक्रमाला पंधरा-वीस मिनिटं धरा, आणि दुसरा चहा मागवण्याआधी हा हिशोब मनात करा. मोबाइल आतल्या खिशातच राहू दे. थंडीत बॅटरी चाळीस टक्क्यांवरून थेट प्राण सोडते. घरून आणलेले शेंगदाण्याचे लाडूही आतच ठेवा. उणे पंधरात ते दगड होतात.

सनस्क्रीन नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीखालीही लावायचं. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत वर फेकतो, त्यामुळे ऊन खालूनही लागतं. गॉगल कपाळावर चढवायचा नाही. घामाची वाफ काचेत शिरते आणि उरलेला दिवस धुक्यात.

जरा जमायला लागलं की इटलीचा मोह होतो. 3,883 मीटरच्या क्लाइन मॅटरहॉर्नवर लिफ्टचं स्टेशन. तिथून सरहद्दीपलीकडे घसरत इटलीतल्या चेरविनियाला, पास्ता अर्ध्या किमतीत. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो, पण पास आंतरराष्ट्रीय हवा. इटलीच्या उतारांवर 2022 पासून दुसऱ्याला झालेल्या इजेचा विमा सक्तीचा आहे, तोही पासासोबत मिळतो. खरी अडचण वाऱ्याची. खिंडीत वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद, मग शेवटच्या फेरीची वेळ पाठ असून काय उपयोग? परतायचं तर आल्प्सला वळसा घालून रस्त्याने काही तास, आणि टॅक्सीचा आकडा ऐकून स्वस्त पास्ता घशाशी येतो. दुपारी पहिल्यांदा झेंडा फडफडताना दिसला की टिरामिसू अर्धवट सोडून उठावं.

चार वाजता सगळा डोंगर एकदम खाली निघतो. गावाकडचा उतार सकाळी इस्त्री केलेला असतो. आता त्यावर बर्फाचे ढिगारे, मधे काचेसारखे पट्टे, आणि लटपटणाऱ्या मांड्यांचे शेकडो लोक. नियम असा की मागच्याने पुढच्याला सांभाळायचं. पण सगळेच कोणाच्या तरी मागे असतात. "शेवटची एकच" म्हणून घेतलेल्या फेरीत हाडं मोडतात. नकाशावर निळी, म्हणजे सोप्या उताराची, रेघ असली तरी थकला असाल तर लिफ्टने खाली या, त्यात कमीपणा नाही. आणि भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ वगळलेले आहेत का ते आधी वाचा. हेलिकॉप्टर नंतर बिल पाठवतं.

मग तळघरातल्या बाकावर टेकायचं आणि बकलं उघडायची. चारही बकलं सुटतात, पाय बाहेर येतो आणि तोंडातून जो सुस्कारा निघतो, त्यासाठी शंभर फ्रँक दिले असं समजलं तर सौदा वाईट नाही. बूट खुंटीवर उलटे लावा. सुकले की बकलं हलकी बंद करून ठेवा, नाहीतर प्लॅस्टिक फाकून आकार सोडतं. उद्या साडेसातला परत त्यांच्यातच शिरायचंय.