पू डाळीनं होत नाही, आणि जखम बायकोच्या रडण्यानं चिघळत नाही

परवा मामेबहिणीच्या नवऱ्याला बघायला कोल्हापूरला गेले होते. ट्रॅक्टरची ट्रॉली पायावर आली, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत कातडी सोलवटून निघालीय. अकरावा दिवस होता. कॉटखाली स्टीलचा डबा दिसला, उघडला तर आत दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर डाळ, तशीच गार झालेली. विचारलं तर बहीण म्हणाली, "अक्का, डाळीनं पू धरतोय म्हणं. जाऊबाईंनी पाठवलंय, वाच की." आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

तो मेसेज मलाही दोन-तीनदा आला होता, न वाचताच पुसून टाकलेला. या वेळी शेवटपर्यंत वाचला. मथितार्थ असा: मोठी जखम असलेल्या माणसाला भात, डाळ, अंडी, दूध, वांगं आणि आंबट बंद करा, सुश्रुतसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात तसं लिहिलंय. जखम झाकू नका, हवा लागू द्या, हळद भरा. पत्नीने रात्रंदिवस उशाशी बसावं, दुसऱ्या कुणाला बसवू नये. तिने रडू नये, कारण घरात रडारड असली की जखम भरत नाही हे अमेरिकेत सिद्ध झालंय. आणि शेवटी, जखम चिघळलीच तर समजावं की सेवेत कुठेतरी कमी पडलं.

माझ्या नवऱ्याची पायाची जखम दोन वर्षांपूर्वी सत्तेचाळीस दिवस दवाखान्यात भरत होती. त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी जेवणाचं बोलते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतंय. पू जंतूंमुळे होतो. डाळ पोटात जाते, पचते, जखमेत जाऊन साठत नाही. उलट नवं मांस, नवी कातडी शरीर प्रथिनांपासूनच उभी करतं, आणि मोठी जखम झिरपते तेव्हा त्या पाण्यातून प्रथिनं बाहेरही जातात. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमांसाठी २०१९ साली जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं निघाली, त्यात अंगात कस कमी असलेल्या रुग्णाला दर किलो वजनामागे रोज सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं द्या असं आहे. साठ किलोच्या माणसाला हे ७५ ते ९० ग्रॅम झाले. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. आता अंडी, डाळ, दूध सगळंच काढून घेतलं तर तो माणूस नव्वद ग्रॅम आणणार कुठून? साबुदाण्याच्या खिरीतून? (किडनीचा त्रास असेल तर हिशेब वेगळा, तो डॉक्टरांनाच विचारायचा.)

राहिला सुश्रुत. मेसेजमध्ये त्याचं नाव बघून मी मुद्दाम त्याच्या संहितेतल्या सूत्रस्थान या भागाचा एकोणिसावा अध्याय काढून वाचला. त्याचं नावच व्रणितोपासनीय, म्हणजे जखमी माणसाची निगा कशी घ्यायची. त्यात लिहिलंय की जुन्या साळीच्या तांदळाचा भात, स्निग्ध, बेताचा, गरम आणि पातळसर, जांगल, म्हणजे कोरड्या मुलखातल्या, प्राण्यांच्या मांसाबरोबर खाणाऱ्याची जखम लवकर बरी होते. पुढं भाज्यांची नावं येतात, त्यात वांगं आहे, पडवळ आहे, कारलं आहे. डाळिंब आणि आवळा आहे. मुगाचं कढण आहे. म्हणजे ज्याचं नाव पुढं करून भात, डाळ आणि वांगं बंद केलंय, तोच ते खायला सांगतोय!

एक गोष्ट मान्य करायलाच हवी. त्याच अध्यायात नवं धान्य, उडीद, तीळ, कुळीथ, दही-दूध आणि आंबट-खारट-तिखट टाळायलाही सांगितलंय. म्हणजे पथ्य हा शब्द कुणी हवेतून काढलेला नाही. पण त्याने टाळायचं सांगितलं तसं खायचंही भरपूर सांगितलं, आणि मेसेजवाल्यांनी तेवढंच खोडून टाकलं. आज दुधाचं काय करायचं हे समोर जखम बघणाऱ्या डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी ठरवायचं. त्यांनीच तर ती अंडी लिहून दिली होती.

हळदीवर फार लिहीत नाही. माझ्या नवऱ्याच्या अपघाताच्या जागी कुणीतरी भल्या मनाने मूठभर हळद दाबली होती. कॅज्युअल्टीत ती धुऊन काढताना तो जसा ओरडला ते अजून माझ्या कानात आहे. डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि खाली जखम कशी आहे तेही तिच्यामुळे दिसत नाही. उघड्या जखमेचं म्हणाल तर ओलसर आणि झाकलेली जखम लवकर भरते हे १९६२ पासून माहीत आहे. बहिणीच्या नवऱ्याच्या पायावर स्पंज ठेवून वरून प्लास्टिकने बंद केलेलं व्हॅक मशीन, म्हणजे जखमेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, लावलंय, रात्रंदिवस घरघरतंय. ते झाकण हवा लागावी म्हणून कुणी उचकटलं तर सगळी मेहनत वाया.

आता त्या अमेरिकेतल्या अभ्यासाकडे येते, कारण खरा राग मला याचा आलाय. तो अभ्यास १९९५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ओहायोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या तेरा बायका घेतल्या आणि त्यांच्याच वयाच्या, तसंच उत्पन्न असलेल्या दुसऱ्या तेरा. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम केली. सांभाळणाऱ्या बायकांची जखम भरायला सरासरी नऊ दिवस जास्त लागले. जखम कुणाच्या अंगावर होती ते बघा. रुग्णाच्या नाही, सांभाळणारीच्या! सेवा करून थकलेल्या बाईचं शरीर स्वतःला सांधायलाही कमी पडतं, असं तो अभ्यास सांगतो. आणि मेसेज त्याच अभ्यासाचा दाखला देऊन तिलाच म्हणतो, आणखी जाग आणि रडू नकोस.

ताणामुळे रुग्णाचीही जखम हळू भरते, हे खरं आहे. त्याच संशोधकांनी नंतर ४२ जोडप्यांवर केलेल्या अभ्यासात एकमेकांशी फटकून, वैराने बोलणाऱ्यांच्या जखमा हळू भरल्या. पण ती गोष्ट वैराची आहे. पॅसेजमधल्या बेसिनपाशी तोंडावर पाणी मारून परत येणाऱ्या बाईच्या डोळ्यांतल्या पाण्याची नाही. मी विसाव्या दिवशी सिस्टरच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. त्यानंतरच्या ड्रेसिंगला डॉक्टर म्हणाले, छान लाल मांस भरतंय.

दुसऱ्या कुणाला बसवू नये म्हणे! सुश्रुताच्या त्याच अध्यायात आहे की गोड बोलणारे, धीर देणारे सुहृद गोष्टी सांगून जखमेच्या वेदनेचा विसर पाडतात. सुहृद, अनेकवचनी. चुलतभाऊ, शेजारी, तालमीतले दोस्त, सगळे आले त्यात.

माझी बहीण अकरा दिवस प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून होती. पाय इतके सुजलेले की चपलेचा पट्टा रुतून वण पडला होता. बिस्किटं आणि चहावर दिवस काढत होती. आणि नवव्या दिवशी डॉक्टरांनी जखमेतला थोडा भाग पुन्हा साफ करावा लागेल म्हटल्यापासून तिच्या मनात एकच, "माझंच काहीतरी चुकलं असणार, अक्का." असल्या जखमेत मेलेला भाग दोन-तीनदा काढावा लागतो. माझ्या नवऱ्याला चारदा ऑपरेशन थिएटरात नेलं होतं. हे तिला कुणीच सांगितलं नव्हतं, पण तो मेसेज मात्र घरातल्या सगळ्यांनी पाठवला होता.

सिस्टरना विचारून अंडी गरम पाण्यात ठेवली. एक बहिणीच्या नवऱ्याने खाल्लं, एक तिला खायला लावलं. रात्रीच्या पाळ्या कागदावर लिहून कॉटच्या कडीला अडकवल्या: दीर, माझा मुलगा, तिच्या नवऱ्याचा तालमीतला दोस्त, मग ती. जाऊबाईंना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, "मला वाटलं भल्यासाठीच आहे." भल्यासाठीच पाठवला होता, यात मला शंका नाही. आता उद्या सकाळचा डबा त्याच आणणार आहेत, मऊ भात आणि मुगाचं कढण.