गाडीची उंची कमी केली म्हणून टायर गेले नाहीत!

चार हजार किलोमीटर. फक्त चार हजार किलोमीटरमध्ये पुढचे दोन्ही टायर आतून साफ झाले. बाहेरून बघाल तर नवेकोरे. पंक्चरवाल्याने चाक काढून आडवं टाकलं आणि म्हणाला, "दादा, आतल्या कडेला हात लावून बघा." झिजलेल्या रबरातून बाहेर आलेली टायरची तार बोटाला टोचली. याच टायरांवर आठवड्यापूर्वी मी आईबाबांना घेऊन एक्स्प्रेसवेने मुंबईला जाऊन आलो होतो. तिथेच माझं डोकं सणकलं.

आणि ज्याला सांगावं त्याचं एकच उत्तर. "गाडी लो केलीस ना, खाली बसवलीस ना, मग असंच होणार." नाही होत! नीट बसवलं तर अजिबात होत नाही. ज्याने काम बिघडवलं तो नामानिराळा आणि दोष माझ्या आवडीला, हेच मला सहन होत नाही.

माझी फोक्सवॅगन पोलो आहे. चाकणला बनलेली, भारतात २०२२ मध्ये बंद झालेली, आता नवी मिळायची नाही, म्हणून जिवापाड जपलेली. कॉइलओव्हरच्या, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या, किटला पाऊण लाख मोजले ते दीड वर्ष पैसे साठवून. गॅरेजवाला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "कशाला एवढा खर्च? ग्राइंडरने स्प्रिंगचा दीड वेढा कापून देतो, हजार रुपयांत काम." तेव्हाच उठून यायला हवं होतं. कापलेल्या स्प्रिंगचं टोक बैठकीत धड बसत नाही, शॉकअप मूळ लांबीचाच राहतो, चाक खड्ड्यात लोंबलं की स्प्रिंग जागा सोडते. आणि हे लोक ते राजरोस विकतात, पोरं राजरोस करून घेतात.

मी घेतलेल्या किटमध्ये उंचीची सोय वेगळी असते. शॉकअपची नळी खालच्या माउंटमध्ये आट्यांवर बसते. ती आत फिरवली की गाडी खाली येते, मग चेक नट, म्हणजे नळी जागेवर पक्की धरणारी नट, आवळायची. स्प्रिंगचा ताण तसाच राहतो आणि शॉकअपची चालही तेवढीच राहते. स्प्रिंगखालची रिंग आहे ती फक्त ताणासाठी. हे सगळं मी छापील कागद पुढे धरून समजावलं. पुढून मागून तीस मिलिमीटर, बस. तो "हो हो, माहितीय" म्हणाला.

काय माहीत होतं? चेक नटला पाना लागलाच नाही, त्यावर रंगाचा साधा ओरखडाही नव्हता. पठ्ठ्याने नुसती स्प्रिंगची रिंग पार खालपर्यंत सोडून दिली. गाडी खाली आली, फोटोत झकास दिसली. घरी जॅक लावून चाक लोंबतं केलं तर स्प्रिंग दोन बोटांनी गरागरा फिरत होती. दोन बोटांनी! एवढी सैल स्प्रिंग घेऊन मी ताशी शंभरने गाडी चालवत होतो.

शॉकअपची वरची नट आवळताना दांडा एलन कीने धरायचा असतो आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणारा पाना, वापरायचा असतो. यांनी हवेवर चालणारी एअर गन लावली. दांडा आत फिरला, सील गेलं, आता उजव्या बाजूने तेल पाझरतंय. चाक धरणाऱ्या खालच्या आर्मच्या बुशचे, म्हणजे सांध्यातल्या रबराचे, बोल्टही गाडी लिफ्टवर असताना, चाकं हवेत असतानाच आवळले. म्हणजे गाडी जमिनीवर आली की रबर कायमचं पिळलेलं. वजन चाकांवर असताना शेवटचा पिळ द्यायचा, हे साधं काम. पाच मिनिटं लागतात हो त्याला!

आणि अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. गाडी खाली आली की आर्मचे आणि चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे कोन बदलतात, पुढच्या चाकांचा टो, म्हणजे तोंडं आत-बाहेर वळण्याचं माप, सरकतो. म्हणून लगेच अलाइनमेंट करायची, चार-पाचशे किलोमीटरमध्ये स्प्रिंगा बसल्या की परत एकदा तपासायची. दुसरीकडे मशीनवर चढवली तर दोन्ही चाकांची तोंडं बाहेर. तारा त्यामुळे निघाल्या. माझ्या बिलात मात्र अलाइनमेंटचे पैसे लावलेले आहेत!

विचारायला गेलो तर गॅरेजवाला म्हणे, "साहेब, आपले रस्तेच असले, स्पीडब्रेकर बघा ना." स्पीडब्रेकरने टायर फक्त आतून झिजतो का? आणि स्पीडब्रेकरचंच बोलायचं तर इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. पोलोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत अडीच मीटरसुद्धा अंतर नाही. त्या गोलाईवर गाडी चढली की पोटाखाली जेमतेम साडेचार सेंटिमीटर उंचवटा येतो. माझ्या गाडीखाली तीस मिलिमीटर कमी करूनही तेरा सेंटिमीटरच्या वर जागा आहे. मापाने बांधलेल्यावर चेंबर, म्हणजे इंजिनखालची तेलाची टाकी, घासायचा प्रश्नच नाही. सोसायट्यांच्या दारात जे फूटभर रुंदीचे उभे बांध घातलेत त्यांच्यावर कंपनीची उंची असलेल्या गाड्याही घासतात. पण तो राग वेगळा, त्याचा माझ्या टायरांशी संबंध नाही.

चार रविवार घालून सगळं मी स्वतः उघडून परत बसवलं. नवे टायर घातले, अलाइनमेंट दोनदा केली. गाडी आता रुळावर असल्यासारखी पळते. उंची? तीच, तीस मिलिमीटर खाली.

पैसे मागितले तेव्हा तो शेवटी म्हणाला, "आम्ही सगळ्यांच्या अशाच करतो, कुणाची तक्रार नाही." शेजारीच एक पोरगा लो केलेली स्विफ्ट घेऊन उभा होता, तिथूनच करून घेतलेली. त्याला म्हटलं, स्टिअरिंग पूर्ण वळव आणि टायरच्या आतल्या कडेला हात लाव. त्याने लावला आणि झटकन मागे घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो त्याच गाडीने चार मित्रांना घेऊन कोल्हापूरला निघणार होता.