चाळीस हजारांत लेखक?

गेल्या आठवड्यात पलूसच्या भाच्यानं एक मेसेज पाठवला. साताऱ्यात आमच्या सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर तो आधीच दोनदा येऊन गेला होता. मजकूर असा: पुण्या-मुंबईत ओळख नसेल तर गावाकडच्या माणसाला प्रकाशक दारात उभं करत नाहीत. म्हणून स्वतः पैसे भरून पुस्तक काढा. आयएसबीएन मिळाला की पुस्तकाला आंतरराष्ट्रीय मान्यता. कॉपीराइटची नोंदणी केल्याशिवाय हस्तलिखित कुणाला दाखवू नका, चोरी होते. पुस्तक आलं की रॉयल्टी घरबसल्या सुरू. खाली चाळीस हजारांचं पॅकेज आणि त्याखाली भाच्याचा प्रश्न, "मामा, भरू का?"

आधी ओळखीचं बघू. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले आणि १९२० ते १९३८ शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. त्या काळचं शिरोडं म्हणजे पुणंही नाही नि मुंबईही नाही. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ पुढं त्यांनाच मिळालं. समीक्षक म. द. हातकणंगलेकर सांगलीत राहून लिहीत-शिकवत राहिले आणि २००८ साली सांगलीतल्याच साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आता कुणी म्हणेल, माडगूळकर बंधू नि अण्णा भाऊ तर गाव सोडूनच गेले. गेले खरे, पण लिहायला आटपाडी नि वाटेगाव बरोबर घेऊन गेले. ओळखीचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही. मजकूर लवकर वाचला जातो. पण मजकूर लंगडा असेल तर ओळखीचा माणूसही चहा पाजून वाटेला लावतो.

पैसे भरण्याबद्दल मात्र मी अनुभवानं बोलतो. पंधराएक वर्षांपूर्वी मी असाच कवितासंग्रह काढला. पाचशे प्रती. प्रूफं बघायला मिळालीच नाहीत. कृष्णामाईवरच्या कवितेत शेवटपर्यंत 'कृष्णमाई' छापलं गेलं. एका कान्यापायी नदीचा देव झाला. टेम्पोवाला गठ्ठे दारात उतरवून गेला आणि फोन केला तर प्रकाशक म्हणाले, "वितरण तुमच्याकडं." मी कुठं वितरण करणार? शाल-श्रीफळ घेऊन प्रकाशन झालं, पाहुण्यांना प्रती वाटल्या, उरलेले गठ्ठे दिवाणाखाली गेले. पुस्तक छापायला लागतो तो कागद नि शाई. मजकुरावर पेन चालवणारा संपादक, प्रूफं वाचणारा माणूस आणि दुकानापर्यंत माल नेणारी साखळी हे प्रकाशकाचं काम, आणि त्याचे पैसे प्रकाशकानं घालायचे असतात. स्वतः छापून, हिशेब ठेवून, प्रदर्शनात टेबल मांडून विकणारे लेखक आहेत. त्यांना माझा नमस्कार. पण ते विकायचं ठरवून उतरलेले असतात. पॅकेजवाल्याचा नफा तुम्ही पैसे भरता त्याच दिवशी झालेला असतो, मग एक प्रत खपो की शंभर.

भाच्याला हे कुणी सांगितलेलं नसतं की महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच आहे. या मंडळाचे पहिले अध्यक्ष आपल्या वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. तिथं हस्तलिखित जाणकारांकडून वाचलं जातं आणि नापासही होतं. पॅकेजात कुणी नापास होत नाही, मला तर तीच धोक्याची घंटा वाटते.

आयएसबीएन म्हणजे तेरा आकडी ओळख क्रमांक. दुकानदाराला नि ग्रंथपालाला पुस्तक हुडकायला सोपं जावं एवढाच त्याचा उपयोग. आपल्याकडं तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाची केंद्र सरकारची संस्था देते, तोही फुकट, आणि लेखक स्वतः अर्ज करू शकतो. मान्यता-बिन्यता काही नाही. माझ्या 'कृष्णमाई'लाही तो आहे!

चोरीची भीती उलट्या जागी घातलीय. १९५७ च्या कायद्यानुसार लिहिलं त्या क्षणी कॉपीराइट लेखकाचा होतो. नोंदणी ऐच्छिक आहे. नवशिक्याची कथा चोरायला कुणी टपलेलं नसतं, ती पुरती वाचायला कुणी मिळालं तरी नशीब. हक्क जातात ते करारावर न वाचता सही केल्यानं. हक्क लेखी दिल्याशिवाय दुसऱ्याकडं जात नाहीत, आणि मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' अशी ओळ दिसली की पेन खिशात ठेवायचं. हस्तलिखित मात्र दाखवायचंच. संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनात जा, चार माणसांपुढं वाच, दिवाळी अंकांना कथा पाठव. त्यांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, दसऱ्याला पाठवून उपयोग नाही.

रॉयल्टी म्हणजे खपलेल्या प्रतीमागं लेखकाला मिळणारा वाटा. तिचा हिशेब बोटांवर होतो. दोनशे रुपयांचं पुस्तक, दहा टक्के धरले तर प्रतीमागं वीस रुपये. पाचशे प्रती खपल्या तर दहा हजार, आणि त्या खपायला वर्षं लागतात. जत तालुक्यातल्या निगडी बुद्रुकच्या नवनाथ गोरे यांना पहिल्याच कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये त्यांच्यावर शेतमजुरीची वेळ आल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या.

एवढं सगळं फोनवर ऐकून भाचा जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मामा, तुमच्या प्रती किती उरल्यात?"

तीनशे बारा. वाळवीनं खाल्लेल्या धरून.