जागा वाया घालवायचा बर्लिन पॅटर्न

समजा तुमच्या शहरातलं जुनं विमानतळ बंद झालं आणि ऐन मध्यवस्तीत 300 हेक्टरच्या वर, म्हणजे साडेसातशे एकरच्या आसपास सपाट जागा सरकारच्या हातात पडली, तर मी सांगतो ते ऐका आणि बर्लिनवाल्यांचं चुकूनही ऐकू नका. त्यांच्याकडे टेम्पलहोफ होतं, त्याचं त्यांनी काय केलंय बघाल तर आपल्याकडचा साधा प्लॉटिंगवालाही रडेल.

सुरुवात तशी झकास होती. नवीन मोठं विमानतळ येतंय म्हणून 30 ऑक्टोबर 2008 ला टेम्पलहोफ बंद केलं, आणि नवीन कधी आलं? जून 2012 चा मुहूर्त ठरला, आमंत्रणं गेली, आणि चार आठवडे राहिले असताना कळलं की आगीच्या धुराची यंत्रणाच धड चालत नाहीये. मग थेट 31 ऑक्टोबर 2020. मधल्या काळात टर्मिनलचे दिवेसुद्धा बंद करता येत नव्हते म्हणे. आपण याबाबतीत कितीतरी पुढे आहोत, आपल्याकडे उद्घाटन आधी उरकतात, यंत्रणा नंतर बघतात.

खरी माती खाल्ली ती लोकांना विचारून. एप्रिल 2008 मध्ये विचारलं, विमानतळ चालू ठेवायचं का? मत देणाऱ्यांतले बहुतेक हो म्हणाले, पण एकूण मतदारांपैकी 25 टक्क्यांचा होकार लागत होता, तेवढा भरला नाही, टाकलं बंद करून. इथपर्यंत कारभार उत्तम. पण 25 मे 2014 ला परत मतदान, सरकारला काठाकाठाने हजारो घरं आणि एक मोठी लायब्ररी बांधायची होती, लोक म्हणाले एक वीटही नको, यावेळी आकडाही भरला, आणि सरकारने चक्क ऐकलं! अरे, हरकती-सूचना मागवायच्या ना. बारीक टायपात जाहिरात द्यायची, मुदत दिवाळीच्या सुट्टीत संपवायची, विषय संपला.

इतिहासाचंही तेच. 1936 पासून नाझींनी इथे 1.2 किलोमीटर लांबीची कमानदार इमारत उभी करायला घेतली, छप्पर इतकं पुढे काढलेलं की विमान खाली येऊन थांबावं आणि प्रवाशाने न भिजता चढावं. त्याच मैदानाच्या उत्तर काठाला कोलंबिया-हाउस नावाची छळछावणी होती, आणि युद्धात याच इमारतीत वेठबिगारांकडून लढाऊ विमानं जोडून घेतली. शहाणा माणूस ब्रोशरमध्ये 'ऐतिहासिक वारसा लाभलेला परिसर' एवढं लिहून पुढे स्विमिंग पूलचा फोटो टाकेल. हे लोक तिथे माहितीचे फलक लावून बसलेत, शाळेच्या पोरांनीही वाचावेत असे.

आणि ब्रँडिंगचा केवढा माल हातात होता! जून 1948 मध्ये सोव्हिएतांनी पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे, कालवे सगळं अडवलं, तर वीस लाखांवर लोकांना अमेरिकन-ब्रिटिशांनी जवळजवळ अकरा महिने विमानांतून पीठ, सुकवलेले बटाटे आणि सगळ्यात जास्त म्हणजे कोळसा पुरवला. गेल हॅल्व्हर्सन नावाचा पायलट याच टेम्पलहोफच्या कुंपणापाशी उभ्या पोरांसाठी हातरुमालाचे पॅराशूट करून चॉकलेटं सोडायचा, आपलंच विमान हे पोरांना कळावं म्हणून आधी पंख हलवायचा. 'चॉकलेट हाइट्स, फेज वन', नाव आयतं तयार होतं राव!

आता तिथे काय आहे? रनवेवर स्केटिंग, सायकली, आणि पतंगाला लटकून चाकाच्या फळीवर सुसाट जाणारी पन्नाशीची माणसं. एका बाजूला जुन्या लाकडी खोक्यांत टोमॅटो लावलेत, तेही फुकटच्या मातीत, सातबारा कुणाच्या नावावर नाही. चंडोल जमिनीवर अंडी घालतो म्हणून गवताचे मोठमोठे पट्टे त्या दिवसांत माणसांना बंद. पक्ष्याला एफएसआय किती लागतो हो?

तरी अगदीच निराश होऊ नका. घरांची टंचाई बर्लिनमध्येही आहे, ती खरी आहे, आणि 2023 ला नवीन सरकार आल्यावर काठावर बांधायचा विषय परत टेबलावर आलाच. तेव्हा तुमचे लोक एकदा नाही म्हणाले तर फाइल फाडू नका, कपाटात ठेवा, आणि जे नाही म्हणाले होते त्यांचं घरभाडं आणखी थोडं वाढलं की परत विचारा.