पीआर किती आला?

येत्या आठवड्यात वडोदऱ्यातील शाळा सुरू होत आहेत. दांडिया बाजारातील आमच्या घरी खाकी कागद आणून ठेवला आहे, आणि मुलगी यंदा दहावीत असल्यामुळे वह्यांना कव्हरे घालण्याच्या नेहमीच्या कामातही या वेळी ताण जाणवतो आहे. वह्यांवर अजून तिचे नावही पडलेले नाही. तेवढ्यात तिघा नातेवाइकांनी 'मग, किती पीआर आणणार?' असे तिला विचारून घेतले.

गुजरातबाहेरील मित्रांसाठी सांगतो, पीआर म्हणजे पर्सेंटाइल रँक. आमच्या बोर्डाच्या गुणपत्रकावर तो छापलेला असतो. 90 पीआरचा अर्थ 90 टक्के गुण असा नसून, परीक्षेला बसलेल्या दर शंभरांपैकी सुमारे नव्वद जणांचे गुण त्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत, असा आहे. म्हणजे यंदा राज्यातील प्रत्येक मुलाने गेल्या वर्षापेक्षा दुप्पट मेहनत घेतली आणि प्रत्येकाला अधिक चांगले येऊ लागले, तरीही जवळजवळ निम्मी मुले पन्नासाच्या खालीच राहतील, कारण ती मोजपट्टीच तशी आखलेली आहे. ज्या आकड्यात निम्म्या मुलांचे मागे राहणे आधीच ठरलेले आहे, त्या आकड्यावर आपण घरातल्या मुलाचे यश ठरवतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

हे मी उशिरा शिकलो. दोन वर्षांपूर्वी मुलाचा दहावीचा निकाल लागला तेव्हा त्याचा पीआर साठाच्या आत होता. फोनवर कोणी विचारले की 'बरे गेले' एवढेच म्हणून मी विषय बदलत होतो, आणि तो शेजारच्या खोलीत बसून ते सगळे ऐकत होता. नववीच्या सहामाहीत गणितात नापास झालेल्या याच मुलाने वर्षभर पहाटे उठून बोर्डाच्या परीक्षेत गणितात 61 गुण मिळवले होते. त्या 61 गुणांसाठी घरातील एकाही माणसाने, मीही नाही, त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. त्याने ते गुणपत्रक कपाटात ठेवले आणि अकरावीच्या प्रवेशाची वेळ येईपर्यंत पुन्हा बाहेर काढले नाही.

मात्र 'गुणांना काही अर्थ नसतो' असे मुलांना सांगणेही मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. 2024 साली नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला 23 लाखांहून अधिक विद्यार्थी बसले आणि एमबीबीएसच्या जागा देशभरात लाखाच्या थोड्या वर होत्या. ज्याला त्या वाटेने जायचे आहे त्याला गुण लागतील, आणि ते त्याला जूनमध्येच सांगितले पाहिजे. माझी तक्रार मोजण्याविषयी नाही. आपण केवळ एकच गोष्ट मोजतो, आणि तीही शेजारच्याशी ताडून, याविषयी ती आहे.

वडोदऱ्यातील काळा घोडा या चौकातून जाताना बडोदा संस्थानच्या सयाजीराव महाराजांचा पुतळा रोज दिसतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा हा मुलगा 1875 साली बाराव्या वर्षी बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्याला राज्य मिळाले ते दत्तकविधानाने, त्यामुळे 'उशिरा शिकूनही मोठे होता येते' असा दाखला मी मुलांना देत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते एवढेच की त्यांच्या शिक्षकांनी, एलियट साहेबांनी, त्यांना जिथे होते तिथूनच शिकवायला सुरुवात केली. पुढे याच महाराजांनी 1890 साली हाताच्या कौशल्यांसाठी कलाभवन काढले, 1893 साली अमरेली भागात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि 1906 साली ते संपूर्ण संस्थानात लागू केले. त्यात सुताराच्या मुलाचा रंधा आणि पाटीवरचे गणित या दोहोंना जागा होती.

मुलीपुढे सध्या खरा प्रश्न आहे तो दहावीचे गणित बेसिक, म्हणजे सोप्या पातळीचे घ्यायचे, की स्टँडर्ड, म्हणजे वरच्या पातळीचे, हा. परवा रात्री तिने विचारले, "बाबा, बेसिक घेतलं तर लोक मला ढ म्हणतील का?" काही लोक म्हणतील, हे मी तिच्यापासून लपवले नाही. पुढे विज्ञान शाखेत गणित हवे असेल तर स्टँडर्डच घे, नको असेल तर बेसिक घेण्यात काहीही कमीपणा नाही, आणि लोकांच्या म्हणण्याला या निर्णयात जागा देऊ नकोस, असे मी तिला सांगितले. तिचा निर्णय अजून व्हायचा आहे. तोपर्यंत काल आम्ही बोर्डाची एक जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसलो. त्रिकोणमितीच्या नऊ उदाहरणांपैकी तिला चार सुटली. तो कागद तारीख घालून तिच्या वहीच्या कव्हरात सरकवून ठेवला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तीच नऊ उदाहरणे ती पुन्हा सोडवणार आहे, आणि तेव्हा तिची तुलना फक्त त्या कागदाशी होईल.